मदत हवी आहे : बातम्या सुटेनात, कॅसेट वाजेना

मंडळी, सकाळी डोळे पुरते उघडायच्या आत हात मोबाईलकडे जातो. पावसाळ्यात ठीक आहे, राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा 39 फुटांवर गेली की इशारा, 43 ला धोका, हे बघावंच लागतं. पण बाकीच्या जगाची युद्धं रात्री एकला वाचून मी काय दिवे लावणार? बायको म्हणते, तुमचं तोंडच ब्रेकिंग न्यूजसारखं झालंय.

परवा माळ्यावर कॅसेटचा डबा सापडला. त्यात इंडियन ओशन या बँडची 2000 सालची 'कंदिसा'! कॉलेजात असताना रंकाळ्याच्या कट्ट्यावर वॉकमनची एक वायर माझ्या कानात, एक मित्राच्या. शीर्षकगीत अरामी भाषेतलं, तेव्हाही एक अक्षर कळत नव्हतं. सध्या तर न कळणारंच बरं वाटतंय.

डेक काढला, तर गाणारे सगळे झोपेतून उठल्यासारखे. दुसऱ्या मिनिटाला टेप रोलरला गुंडाळली. पेन्सिलीनं फिरवून परत आत घेतली, थोडी चुरगळलीच. एका दुरुस्तीवाल्यानं बघितलंही नाही, "टाका भंगारात" म्हणाला.

डेकमधला टेप फिरवणारा रबरी बेल्ट सैल झालाय बहुतेक. कोल्हापुरात, निदान इचलकरंजीत, कोण बदलून देईल? हेडफोनच्या भोकातून वायर टाकून लॅपटॉपवर रेकॉर्डिंग कुणी केलंय का, आवाज बरा येतो का? मोबाईलवर ऐका म्हणू नका, दोन गाण्यांत परत बातम्यांत शिरतो.

आणि तुम्ही बातम्यांना वेळ ठरवून ठेवलाय का? खरंच पाळता का, तेही सांगा.