मदत हवी आहे: एकाच रिपोर्टवर थेट इक्सी (शुक्राणू सुईने अंड्यात सोडायची टेस्ट ट्यूब पद्धत)? आधी कोणाला दाखवावं?

भट्टीवाला:
नमस्कार मंडळी. नव्या आयडीने लिहितोय, कारण समजून घ्यालच. राहायला चिंचवड, नोकरी भोसरी एमआयडीसीत, हीट ट्रीटमेंट खात्यात. वय ३४, बायको ३१. मुलासाठी प्रयत्न सुरू करून वर्ष उलटलं.

तपासण्या नेहमीप्रमाणे बायकोपासून. सोनोग्राफी, एएमएच (अंड्यांचा साठा सांगणारी रक्ततपासणी), जीव काढणारी ती एचएसजीसुद्धा (गर्भनलिकांचा एक्स-रे). सगळं नॉर्मल आल्यावर मग माझी सिमेन (वीर्य) तपासणी. सगळ्यांत स्वस्त आणि अजिबात न दुखणारी तपासणी शेवटी का, हे मला अजून कळलेलं नाही.

रिपोर्ट: काउंट (शुक्राणूंची संख्या) मिलीला ९ दशलक्ष, मोटिलिटी (हालचाल करणारे) २८ टक्के, मॉर्फॉलॉजी (योग्य आकाराचे) ३ टक्के. फर्टिलिटी सेंटरमधल्या डॉक्टरांनी कागद पाहिला, "इक्सीच करा" म्हणाले, आणि बाहेर पॅकेजचं पत्रक हातात. मला तपासलं नाही, काही विचारलंही नाही. गणपतीत मला डेंग्यू झाला होता, चांगला १०३ ताप. सॅम्पल दसऱ्याच्या सुमारास दिलं.

घरी आईला स्पष्ट सांगितलं की प्रश्न माझ्या रिपोर्टात आहे. तरी उपास बायकोलाच सुचवले जातात. माझ्या वाट्याला शिलाजीत आणि "पुरुषांना असलं काही नसतं".

वाचन भरपूर झालंय. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२३ च्या अहवालानुसार जगात साधारण सहातल्या एकाला आयुष्यात कधीतरी वंध्यत्वाला तोंड द्यावं लागतं. २०२२ चा एक मोठा आढावा म्हणतो, १९७३ ते २०१८ मध्ये पुरुषांचा सरासरी काउंट निम्म्यावर आला, आणि तोही फक्त पाश्चात्त्य देशांत नाही. (मोजायच्या पद्धती बदलत गेल्या म्हणून त्यावर वाद आहेत.) पण जगाची सरासरी कळून माझ्या ९ चं काय करू?

तपासणी पुन्हा कधी करू? भट्टीच्या उष्णतेचा संबंध असेल का? इक्सीआधी युरोलॉजिस्टला दाखवावं का?

लॅबताई:
मी लॅबमध्ये असते, डॉक्टर नाही. पण दादा, डेंग्यूचं कोणी विचारलं नाही हे वाचून कमाल वाटली. शुक्राणू तयार व्हायला साधारण अडीच महिने लागतात, त्यामुळे मोठ्या तापाचा फटका पुढचे दोन-तीन महिने सॅम्पलमध्ये दिसू शकतो. ताप उतरून तीन महिने होऊ द्या, मग परत द्या. एका रिपोर्टवर निकाल लावत नाहीत. आधी दोन ते सात दिवसांचा खंड हवा.

आणि काउंट १६ दशलक्ष, मोटिलिटी ४२ टक्के, मॉर्फॉलॉजी ४ टक्के हे जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या मॅन्युअलमधले किमान आकडे पास-नापासाचे नाहीत. ज्यांच्या बायकांना वर्षभरात दिवस राहिले, त्या पुरुषांतलेही पाच टक्के प्रत्येक आकड्याच्या खाली होते.

कोथरूडकर:
अँड्रोलॉजी (पुरुषांच्या प्रजननाच्या तक्रारी) बघणारा युरोलॉजिस्ट गाठा, आणि तो हाताने तपासतो का बघा. व्हेरिकोसील (अंडकोषाच्या वरच्या शिरा फुगणं) असलं तर असंच कळतं. या तक्रारीने येणाऱ्या पुरुषांत ते ३५-४० टक्क्यांना सापडतं. माझं तसंच निघालं. नुसत्या सोनोग्राफीत दिसणाऱ्याचं ऑपरेशन मात्र सहसा सुचवत नाहीत.

भट्टीचं नक्की सांगा. अंडकोष शरीराच्या तापमानापेक्षा दोन-चार अंश थंड राहावे लागतात. एफएसएचसारख्या (शुक्राणू बनवायला लावणारं हार्मोन) रक्ततपासण्याही होतील. एक मात्र ध्यानात ठेवा: ताकदीसाठी म्हणून कोणी टेस्टोस्टेरॉनचं इंजेक्शन सुचवलं तर पळून या. बाहेरून ते मिळालं की शरीर शुक्राणू बनवणंच कमी करतं, कधी काउंट शून्यावर जातो.

वहिनी ३१ च्या आहेत. तीन महिने थांबायला तुमच्याकडे वेळ आहे. पुढेही काउंट असाच राहिला तर इक्सी आहेच, ती काही वाईट नाही.

भट्टीवाला:
दोघांचे आभार. सॅम्पल घरून नेलं तर चालतं का? तिथल्या त्या खोलीत परत जायची इच्छा नाही.

लॅबताई:
चालतं, लॅबला आधी विचारून. डबा त्यांचाच घ्या, साधा कंडोम वापरू नका, आणि तासाभराच्या आत, अंगाजवळ शर्टाच्या आतल्या खिशात ठेवून पोहोचवा. चिंचवडहून डेक्कनला ऑफिसच्या वेळेत निघणार असाल तर विसरा. चिंचवडातलीच चांगली लॅब बघा, आणि दुसऱ्यांदा द्यावं लागलं तर तीच ठेवा.