पॅरोल आणि प्रोबेशनवर नेमके किती लोक आहेत? आकडा कुठे मिळेल?

रानवाटा_२३
नमस्कार मंडळी. एमएसडब्ल्यूच्या (समाजकार्यातली पदव्युत्तर पदवी) शेवटच्या वर्षाला आहे. लघुप्रबंधाला विषय घेतलाय शिक्षा झालेले पण तुरुंगाबाहेर असलेले लोक, म्हणजे पॅरोलवाले आणि प्रोबेशनवाले (दोषी ठरूनही तुरुंगात न पाठवता अटींवर सोडलेले). पहिलाच प्रश्न इतका साधा होता की वाटलं एका दुपारचं काम आहे, महाराष्ट्रात आज असे किती जण आहेत? एनसीआरबीचा (राष्ट्रीय गुन्हे नोंद ब्युरो) २०२२ चा तुरुंगांचा अहवाल डाउनलोड केला, त्यात देशभरातले ५,७३,२२० कैदी, पैकी ४,३४,३०२ कच्चे कैदी (खटला अजून चालू असलेले), वय, शिक्षण, गुन्हा सगळं मांडलेलं. पॅरोलवर किती सोडले, किती फरार झाले तेही आहे. पण ज्याला कोर्टाने दोषी ठरवून बंधपत्रावर घरी पाठवलं तो या अहवालात येणारच नाही, कारण तो तुरुंगात गेलेलाच नाही. मग त्याला मोजायचं कुठे? एका ऑफिसात गेले तर म्हणाले कोर्टात विचारा, कोर्टात म्हणाले त्या ऑफिसातच विचारा, तीन आठवडे असेच गेले. सर म्हणतात विषय बदल. मला नाही बदलायचा. अमेरिकेत दरवर्षी हा आकडा छापून येतो म्हणे, तिथे कसा काढतात ते कुणाला माहीत असेल तर तेही सांगा प्लीज.

जुना_हिशेबनीस
बाळ, विषय बदलू नकोस. मी एका मध्यवर्ती कारागृहात २६ वर्षं कारकुनी केली, त्यातली बरीच वर्षं रजेच्या टेबलावर, म्हणून आधी एक गाठ सोडवून देतो नाहीतर पुढचं सगळं चुकेल. अमेरिकेतला पॅरोल आणि आपला पॅरोल हे नावाला एक आहेत, वस्तू वेगळी. तिकडे पॅरोल म्हणजे माणूस मुदतीआधी सुटला आणि उरलेली शिक्षा बाहेर देखरेखीत काढतोय. आपल्याकडे पॅरोल म्हणजे रजा. जायचं आणि ठरल्या तारखेला गेटवर परत हजर व्हायचं. माझ्या काळी १९५९ चे फर्लो आणि पॅरोलचे नियम होते त्यात फर्लोला संचित रजा म्हणतात आणि पॅरोलला अभिवचन रजा. संचित रजेचे दिवस शिक्षेत धरतात, अभिवचन रजेचे धरत नाहीत, म्हणजे आई वारली म्हणून घरी जाऊन आलेल्या बंद्याला, म्हणजे कैद्याला, ते दिवस पुढे भरून काढावे लागतात. हा फरक बंद्याला तोंडपाठ असतो, बाहेर फारसा कुणाला माहीत नसतो.

आता मोजणीचं. आमच्या रजिस्टरला रकाने असायचे, सोडल्याची तारीख, परत यायची तारीख, प्रत्यक्ष आल्याची तारीख, जामीनदार, हजेरीचं पोलीस ठाणं. एकच बंदी मार्चमध्ये फर्लोवर गेला आणि ऑगस्टमध्ये पॅरोलवर गेला की नोंदी दोन झाल्या, माणूस एकच. म्हणून वर्षभरात इतके सोडले असा आकडा दिसला की तो सुटल्याच्या वेळांचा आहे की माणसांचा हे आधी विचार. आणि ३१ डिसेंबरला आत किती होते हा आकडा घेताना रजेवर गेलेले त्यात धरलेत की वगळलेत हेही विचार. कोविडची वर्षं तर वेगळीच ठेव. ८ मे २०२० ला नियम बदलून ७ वर्षं किंवा कमी शिक्षा असलेल्यांना ४५ दिवसांचा आपत्कालीन पॅरोल दिला आणि मग ३०-३० दिवस वाढवत गेले, ते २०२२ पर्यंत चाललं. आधीच्या वर्षांशी त्याची तुलना केलीस तर सगळं वाकडं दिसेल.

एक सांगतो, आजही डोळ्यासमोरून जात नाही. आमचा एक बंदी, कोकणातल्या आतल्या गावचा, जुलैमध्ये दोन दिवस उशिरा आला. पुलावरून पाणी, एसटी बंद. अर्धा रस्ता चालत आलेला, पायाला चिखल तसाच, आणि हातात ग्रामपंचायतीचा दाखला प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून छातीशी धरलेला. रजिस्टरमध्ये मी लिहिलं, २ दिवस उशिरा. कारणाला रकाना नव्हता. दाखला फाइलला लावला पण वर गेला तो नुसता आकडा, आणि त्या आकड्यात तो मुद्दाम दडी मारून बसलेल्यांच्या शेजारी जाऊन बसला.

कोर्टफी_१०
माहिती अधिकारात अर्ज टाका. महाराष्ट्रात एका अर्जात एकच विषय आणि १५० शब्दांची मर्यादा आहे, म्हणून तुरुंगाचा वेगळा, महिला व बालविकास खात्याचा (प्रोबेशनचं काम त्यांच्याकडे) वेगळा, कोर्टाचा वेगळा. १० रुपयांचं कोर्ट फी तिकीट लावा. 'माहिती द्यावी' असं मोघम लिहू नका. अमुक जिल्हा, १ जानेवारी ते ३१ डिसेंबर, प्रोबेशन कायद्याच्या कलम ३ खाली किती, कलम ४ खाली किती, त्यातले देखरेखीखाली किती असं रकान्यासकट मागा. ३० दिवसांत उत्तर द्यावं लागतं, नाही आलं तर पहिलं अपील लगेच करा, थांबू नका.

पायपीट
मी परिविक्षा अधिकारी होते, प्रोबेशन ऑफिसरला आपल्याकडे हेच नाव आहे. वरच्या उत्तरात कलमं आलीत ती समजावून सांगते. कायदा १९५८ चा, प्रोबेशन ऑफ ऑफेंडर्स अ‍ॅक्ट. कलम ३ म्हणजे समज देऊन सोडणं, तिथे पुढे देखरेख नाही. कलम ४ म्हणजे चांगल्या वर्तणुकीच्या बंधपत्रावर सोडणं, जास्तीत जास्त ३ वर्षांपर्यंत, आणि कोर्टाला वाटलं तर सोबत देखरेखीचा आदेश, तो निदान १ वर्षाचा. आता बघ, देखरेखीचा आदेश असेल तरच तो माणूस आमच्या वहीत येतो. नुसतं बंधपत्र देऊन सोडला तर तो फक्त कोर्टाच्या निकालपत्रात राहतो. शिवाय जुन्या सीआरपीसीच्या (फौजदारी प्रक्रिया संहिता) कलम ३६० खाली सोडलेले वेगळेच, १ जुलै २०२४ पासून त्याच्या जागी बीएनएसएसचं (भारतीय नागरिक सुरक्षा संहिता) कलम ४०१ आलंय. म्हणजे तू ज्यांना एका शब्दात प्रोबेशनवाले म्हणतेस ते तीन-चार कागदांत विखुरलेत आणि ते कागद एका टेबलावर कधी येत नाहीत. तुला तीन आठवडे फिरवलं ते चूकच, पण फिरवणाऱ्यांकडेही एकत्र आकडा नसणार हे मी खात्रीने सांगू शकते.

माझा बहुतेक दिवस बाल न्याय मंडळाच्या कामात जायचा, मुलांचे सामाजिक तपासणी अहवाल, घरभेटी, निरीक्षणगृह. मोठ्या माणसांच्या केसेस त्यातूनच वेळ काढून. महिन्याच्या अहवालात मी भरायचे मागील शिल्लक, नवीन, मुदत पूर्ण, शिल्लक. शिल्लक हा शब्द मला कायम टोचायचा, धान्याच्या गोदामासारखा. एक भाजीवाला होता, हाणामारीची केस, पहिल्या भेटीला म्हणाला ताई गाडीवरच या, घरी नको, चाळीत लोक विचारतात. मग मी गाडीवर जायचे, अर्धा किलो गवार घ्यायचे आणि तो शेंगा निवडत निवडत महिन्याचं सगळं सांगायचा, दारू सुटली का, भाऊ बोलतो का, हप्ता भरला का. दीड वर्षात त्याने दुसरी गाडी घेतली, भावालाच उभं केलं तिच्यावर. माझ्या अहवालात हे सगळं मिळून झालं 'मुदत पूर्ण: १'.

मला राग येतो तो याच्यासाठी की आकडा नाही म्हणून पदं मंजूर होत नाहीत, पदं नाहीत म्हणून कोर्टाला वेळेत अहवाल मिळत नाही, आणि अहवाल नाही म्हटल्यावर प्रोबेशनचा विचार मागे पडतो. हे चक्र मी नोकरीभर बघितलंय. आता नव्या न्याय संहितेत किरकोळ गुन्ह्यांना समाजसेवेची शिक्षा आलीय, तिची तरी मोजणी पहिल्या दिवसापासून नीट ठेवा रे कुणीतरी.

अटलांटिकपार
मी इकडे अमेरिकेत एका राज्याच्या प्रोबेशन खात्यात डेटाचं काम करते. केंद्राच्या न्याय खात्याचं ब्युरो ऑफ जस्टिस स्टॅटिस्टिक्स १९८० पासून दरवर्षी दोन सर्व्हे करतं, एक प्रोबेशनचा, एक पॅरोलचा. फॉर्मचा गाभा साधा आहे. १ जानेवारीला किती होते, वर्षात किती आले, किती गेले, ३१ डिसेंबरला किती उरले. गेले म्हणजे कसे गेले हेही विचारतात, मुदत पूर्ण करून, तुरुंगात परत, फरार, मृत्यू असं. तुमच्याकडे न दिसणारी गोष्ट हीच आहे, येणं, जाणं आणि त्या दिवशी असलेले हे तिन्ही एकाच कागदावर.

२०२० अखेरचे आकडे बघ, प्रोबेशनवर ३०,५३,७००, पॅरोलवर ८,६२,१०० आणि एकूण ३८,९०,४००. बेरीज करून पाहिलीस तर एकूण आकडा कमी भरतो, कारण काही जण एकाच वेळी दोन्हीकडे असतात आणि त्यांना एकदाच धरलंय. म्हणजे दर ६६ प्रौढांमागे एक. पण इकडचं सगळं चोख आहे असं समजू नकोस. सर्व्हे ऐच्छिक आहे, एखाद्या ऑफिसने नाही भरला तर अंदाज बांधावा लागतो. काही ठिकाणी माणसं मोजतात, काही ठिकाणी केसेस. वॉरंट निघालेला फरार माणूस एक ऑफिस यादीत ठेवतं, दुसरं काढून टाकतं, तेवढ्याने आकडा हलतो. मी स्वतः डिसेंबरात आठवडाभर फक्त एकाच माणसाच्या दुहेरी नोंदी शोधत बसते, नावाचं स्पेलिंग एका केसमध्ये वेगळं, जन्मतारखेत दिवस-महिना उलटे. कंटाळवाणं काम आहे पण मन लावून करते, कारण ही यादी चुकली तर एका अधिकाऱ्याकडे किती माणसं द्यायची याचा हिशेबच चुकतो.

आणि एक, तुझ्या प्रबंधात जॉन ऑगस्टस नक्की घे. बॉस्टनचा चपला-बूट बनवणारा माणूस, १८४१ मध्ये कोर्टातून एका दारुड्याला स्वतःच्या जामिनावर सोडवून घेतलं आणि तिथून प्रोबेशन सुरू झालं. सरकारी खातं वगैरे नव्हतं तेव्हासुद्धा तो सोडवलेल्या माणसांची नोंद ठेवायचा.

तिसरी_गल्ली
मी कधी लिहीत नाही इथे. २० वर्षांचा असताना चोरीच्या केसमध्ये मला कलम ४ खाली सोडलं होतं. २१ च्या आतल्याला तुरुंगात टाकायचं असेल तर कोर्टाला कारण लिहावं लागतं, कलम ६, त्यामुळे वाचलो. आज माझं स्वतःचं वेल्डिंगचं दुकान आहे. कलम १२ आहे म्हणून त्या शिक्षेमुळे मला कुठे अपात्र धरता येत नाही. तुम्ही सगळे मोजायचं म्हणता ते पटतं, पण वाचताना पोटात गोळा आला. माझं नाव कुठल्या यादीत असेल का, बायकोला माहीत आहे, सासरच्यांना नाही. आमच्यासारखे किती जण सुधारले हे जगाला कळायला पाहिजे, खरंच कळायला पाहिजे, फक्त नाव नको.

पायपीट
दादा, आमचा कोर्टाला दिलेला अहवाल कायद्यानेच गोपनीय असतो, कलम ७. मोजणीला नाव लागत नाही. घाबरू नका, आणि लिहिलंत त्याबद्दल मनापासून आभार.

रानवाटा_२३
सगळ्यांची खूप आभारी आहे. काल रात्री दोनदा वाचलं. सरांशी बोलले, आता पूर्ण महाराष्ट्र सोडला, एकच जिल्हा घेते आणि तीन वर्षं. काका, तुमच्या रजिस्टरचे रकाने तसेच उतरवून घेतलेत आणि शेवटी 'उशिराचं कारण' हा रकाना वाढवलाय. कलम ३, कलम ४ नुसतं बंधपत्र, कलम ४ देखरेखीसह आणि ३६०/४०१ हे चार वेगळे तक्ते करतेय, प्रत्येकाला १ जानेवारी, आले, गेले, ३१ डिसेंबर. तिसरी गल्ली दादा, नाव, गाव, केस नंबर काहीच घेणार नाही, फक्त वयोगट. तीन अर्ज आज टाइप केले, दोन १५० शब्दांत बसले, कोर्टाचा १७३ भरतोय, तो सकाळी छाटते आणि उघडल्या उघडल्या पोस्टात टाकते.