जूनमध्ये साडेतीन वर्षांच्या मुलाला घेऊन स्टॉकहोम: बाबागाडी, पेज, झोप

फोंडा_आई
जूनच्या तिसऱ्या आठवड्यात पाच दिवस स्टॉकहोम. मूल साडेतीन वर्षांचे, दुपारी झोपणारे, अर्ध्या तासाच्या वर न चालणारे. बाबागाडी न्यावी का? बस, मेट्रो जमेल का? खाण्यासाठी तूप, उकडे तांदूळ आणि मानकुराद आंब्यांची पेटी नेण्याचा विचार आहे.

माशेलचा_वाटसरू
ताई, बाबागाडी न्याच, पण छत्रीसारखी मिटणारी, बारीक चाकांची नको. गामला स्टान या जुन्या शहरात दगडी फरसबंदी आहे. लहान चाक दोन दगडांच्या फटीत रुतते आणि गाडी पुढे कलंडते. मोठ्या चाकांची बघा. तिथे शक्य तितका पाण्याकाठचा स्केप्सब्रून हा सपाट रस्ता धरा. मोर्टेन ट्रोत्सिग गल्ली सर्वांत अरुंद जागी ९० सेंटिमीटर आणि वर ३६ पायऱ्या. एकाने गाडीपाशी थांबायचे, दुसऱ्याने मुलाला वर न्यायचे.

एसएल या तिथल्या शहर वाहतूक संस्थेच्या बसमध्ये बाबागाडीत मूल असेल तर सोबतच्या एका मोठ्या माणसाला तिकीट लागत नाही. मधल्या दाराने चढा, गाडीचे चित्र असलेले बटण दाबा, आत ब्रेक लावा. ही सवलत फक्त बसला आहे. मेट्रो, ट्राम, बोटीला मोठ्यांचे तिकीट हवे. सात वर्षांखालचे मूल तुमच्याबरोबर फुकट. एक तिकीट ७५ मिनिटे चालते, त्यात हवे तेवढे बदल करा. मेट्रोच्या स्थानकांत लिफ्ट असते, पण बहुधा फलाटाच्या एकाच टोकाला, म्हणून डबा निवडतानाच ते टोक बघून ठेवा. पावसाच्या दिवशी मेट्रोच हिंडा: स्टॅडियन स्थानकातले इंद्रधनुष्य, सोल्ना सेंत्रुमचे लालभडक छत. फाटकाबाहेर न पडता दोन्ही बघून होतात.

बेतीची_बाय
आंबे आणि तूप दोन्ही घरीच ठेवा. युरोपीय संघाबाहेरून दुधाचे आणि मांसाचे पदार्थ प्रवासी सामानात आणायला बंदी आहे, तूप त्यातच आले. बाळाचे दूध-पावडर किंवा तयार शिशुआहार मात्र सीलबंद आणि फ्रीजची गरज नसलेला असेल तर दोन किलोपर्यंत चालतो. ताज्या फळांना वनस्पती-आरोग्य प्रमाणपत्र लागते. अननस, नारळ, केळी, खजूर, ड्युरियन यांना ते लागत नाही. म्हणजे नारळ चालेल, मानकुराद नाही! मासळीला वीस किलोपर्यंत मुभा आहे, तेव्हा सोडे नेता येतील, पण वास बाहेर येऊ नये इतके घट्ट बांधा.

तांदळाचे ओझे नकोच. दुकानात ‘ग्रोट्रीस’ मागा. आखूड, जाडसर दाणा, मऊ शिजतो, पेजेला छान. म्हणून खोली स्वयंपाकघराची घ्या. बाहेर खायचे तर ११ ते २ च्या दरम्यान ‘दागेन्स लुंच’, म्हणजे त्या दिवसाचे ठरलेले दुपारचे जेवण. कोशिंबीर, पाव आणि पाणी बहुतेक त्याच दरात येते. मीटबॉल बहुधा गोमांस-डुकराच्या मिश्रणाचे असतात, सॉसेजमध्येही डुकराचे मांस असते, चालत नसेल तर विचारून घ्या. पॅनकेक आणि जॅम मुलांना हमखास चालतो. नळाचे पाणी पिण्याजोगे आहे. रोख पैसे अनेक ठिकाणी घेत नाहीत, कार्ड हवे.

डिचोली_वारे
तिसरा आठवडा म्हणताय, म्हणून आधी कॅलेंडर बघा. १९ ते २५ जूनमधला शुक्रवार म्हणजे मिडसॉमर या उन्हाळी सणाची पूर्वसंध्या. त्या दिवशी आणि शनिवारी बरीच दुकाने बंद असतात, शहर रिकामे होते. सामान गुरुवारीच भरा. शहरात थांबलात तर स्कान्सेनला खांब उभारून नाच असतो. गर्दी मोठी, सकाळीच जा.

स्कान्सेन हे १८९१ साली सुरू झालेले उघड्यावरचे संग्रहालय. जुनी घरे, अस्वले, मूस हरणे. जागा डोंगराळ आहे. हासेलियस फाटकाजवळची बर्गबाना, म्हणजे चढावरून वर नेणारी छोटी रेल्वे, चालू असेल तर तिने वर जा आणि चालत खाली या, उलटे केले तर गाडी ढकलून दमाल. वासा संग्रहालय जवळच, १८ वर्षांखालच्यांना फुकट. १६२८ मध्ये पहिल्याच फेरीत बुडालेले जहाज १९६१ मध्ये वर काढले. वरचा भाग जड आणि तळाशी वजन कमी, म्हणून कलंडले. हे मुलाला बादलीतल्या होडीवर आधीच दाखवून ठेवा. आत १८ ते २० अंश आणि अंधुक उजेड, स्वेटर घाला, पाऊण तास पुरे. ही दोन्ही यूरगोर्डेन बेटावर. तिथे स्लुस्सेनहून ८२ क्रमांकाच्या बोटीने जा, एसएलचेच तिकीट चालते. रायबंदर-चोडण फेरीबोटीची सवय असलेल्या मुलाला हा दिवसाचा सर्वांत आवडता भाग ठरेल.

एका दिवशी एकच बेट. दुपारची झोप बाबागाडीतच होऊ द्या. उरलेला वेळ ‘पार्कलेक’ला: ही महापालिकेची मोफत खेळाची मैदाने, कर्मचारी असतात, तीनचाकी आणि खेळणी वापरायला मिळतात. सोडेरमालमवरचे ब्रुगार्तेप्पान लाकडी घरांच्या छोट्या वस्तीसारखे आहे.

फोंडा_आई
देव बरें करूं! रात्री उजेड असताना झोपवायचे कसे?

डिचोली_वारे
सूर्य दहानंतर मावळतो आणि साडेतीनच्या सुमारास उगवतो. शिवाय घड्याळ साडेतीन तास मागे जाते, म्हणजे तुमच्याकडचे साडेआठ तिथे पाच. पहिले दोन दिवस त्याला संध्याकाळी सातपर्यंत बाहेर उघड्यावर ठेवा, पाचला झोपला तर पहाटे तीनला उठेल. खिडकीला काळ्या कचऱ्याच्या पिशव्या आणि रंगकाम करताना लावतात ती कागदी चिकटपट्टी; काच खराब होत नाही. कपड्यांत वारा अडवणारे जाकीट आणि ‘गालोनबुक्सोर’, म्हणजे बुटाखाली पट्टा असलेली रबरी पँट. आपला रेनकोट वरचे अंग झाकतो, पण ओल्या वाळूत बसल्यावर भिजते ते खालचे.