रत्नागिरीत १९६९ ची एमजीबी परवडेल की नवी एम२?

खारावारा: घर समुद्रापासून दीड-दोन किलोमीटरवर, गॅरेज बंदिस्त. समोर दोन गाड्या आहेत: चालू स्थितीतली १९६९ ची एमजीबी रोडस्टर (उघड्या छताची जुनी ब्रिटिश स्पोर्ट्स कार) आणि २०२३ ची बीएमडब्ल्यू एम२. फिरणं रविवारचं, आंबा घाट नाहीतर गणपतीपुळ्याकडे. कोणती जास्त पळते ते ठाऊक आहे, सांभाळायला काय पडतं ते सांगा. एमजीबीत नेमकं काय तपासू?

पत्राप्रायमर: इंजिन नंतर, आधी पत्रा. एमजीबीला वेगळी चासी नाही; दारांखालचे सिल, म्हणजे लांब पोकळ पत्र्याचे खांब, हाच तिचा कणा, आणि रोडस्टरला वरून छताचाही आधार नाही. सिल तीन थरांचा असतो. बाहेरचा थर रंग मारून चकचकीत केलेला आणि मधल्याची चाळण झालेली, हे नेहमीचं. दाराच्या मागची फट वरपासून खालपर्यंत नीट बघा. मग त्या बाजूच्या जॅक पॉइंटला जॅक लावून गाडी उचला आणि पुन्हा बघा. फट वरच्या टोकाला मिटली किंवा दार घासायला लागलं, तर सिल गेले समजा.

फडक्यात गुंडाळलेलं लोहचुंबक फिरवा. जिथे चिकटत नाही तिथे पुट्टी. सीटमागे ६ व्होल्टच्या दोन बॅटऱ्यांचे कप्पे आहेत, त्यांचे तळ हमखास खाल्लेले असतात. पुढच्या मडगार्डच्या आत, मागच्या कोपऱ्यात बोट घाला. तांबडी माती ओली लागली तर वरचा रंग कितीही छान असो, भाव पाडून मागा.

सिल बदलायचेच झाले तर कापण्याआधी दाराच्या चौकटीत आडवी पट्टी वेल्ड करून घ्या. नाहीतर गाडी मधोमध बसते आणि दारं पुन्हा जुळत नाहीत. आतून कॅव्हिटी वॅक्स (पोकळ भागांत मारायचं गंजरोधक मेण) मारा, पाणी जायची भोकं मोकळी ठेवा. गंजावर डांबरी अंडरकोट मात्र नको, पाणी आत कोंडतं.

घाटवळण: एम२ला पत्र्याची एवढी चिंता नाही, तिचं दुखणं टायर. मागचा टायर २८५/३०, २० इंची, म्हणजे रिमपासून रस्त्यापर्यंत रबर फक्त ८५ मिमी. एमजीबीचा १५५ चा १४ इंची टायर सव्वाशेच्या आसपास. खड्ड्यात साइडवॉल फाटली की पंक्चर किट काही कामाचं नाही, स्टेपनी मुळातच नाही, त्यामुळे घाटातून फ्लॅटबेडच, म्हणजे गाडी पाठीवर घेऊन जाणारा ट्रक. साचलेल्या पाण्यावर तो रुंद टायर तरंगतोही लवकर. एमजीबी हजार किलोच्या आत, १७९८ सीसी. पण एबीएस (जोरात ब्रेक मारल्यावर चाकं अडकू न देणारी यंत्रणा) नाही, मागे ड्रम ब्रेक. उतरताना दुसऱ्या गिअरमध्येच ठेवा. भर पावसातही निघायचं असेल तर माझं मत तरीही एम२लाच.

खारावारा: आणि ई२० पेट्रोल, म्हणजे २० टक्के इथेनॉलवालं?

जेटनीडल: एम२च्या टाकीच्या झाकणाआतली पट्टी वाचा. एमजीबीत सगळे जुने रबरी पाइप आणि एसयू कंपनीच्या पेट्रोल पंपाचा डायफ्राम (आतला रबरी पडदा) इथेनॉल चालणाऱ्या मालाचे घाला, नाहीतर रबर फुगून मऊ पडतं. मिश्रणही पातळ होतं, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडतं. प्लग पांढुरके दिसले तर दोन्ही कार्ब्युरेटरचे जेट नट सारखेच, एकेक फ्लॅट (नटाची एक सपाट बाजू) खाली घ्या; खाली म्हणजे पेट्रोल जास्त. डॅशपॉटमध्ये (कार्ब्युरेटरच्या वरच्या तेलाच्या नळीत) २० नंबरचं तेल. इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं आणि टाकी पत्र्याची, तेव्हा पावसाळ्यात अर्धी टाकी ठेवून गाडी महिनाभर उभी करू नका.

पत्राप्रायमर: दोन्हींना प्लॅस्टिकचं कव्हर नको, आत घाम धरतो. एम२ उभी राहणार असेल तर चार्जर लावून ठेवा आणि घुशींचा बंदोबस्त करा, वायरिंग त्यांना फार आवडतं.

एमजीबीचं आरसीही बघा. पन्नाशी उलटलेल्या गाडीची ‘व्हीए’ मालिकेत विंटेज नोंदणी झाली असेल, तर ती प्रदर्शन, रॅली अशा कामांपुरतीच रस्त्यावर आणता येते, नियमित फिरायला नाही. तुम्हाला रविवारी फिरायचंय, म्हणजे साधी नोंदणी आणि मुदतीतलं नूतनीकरण असेल तरच पुढे जा.