पासपोर्ट आणि सीडीसी एजंटाकडे ठेवायची का?

तासगावचा काका
पुतण्यानं खलाशी व्हायचा जीपी रेटिंगचा कोर्स केला, सीडीसी म्हणजे खलाशाचं सरकारी नोंदपुस्तक हातात आलं. आता सांगलीतला एक एजंट म्हणतो, साडेतीन लाख द्या, महिन्यात जहाजावर चढवतो. जहाज आखातात आहे, जायचं मात्र टुरिस्ट व्हिसावर. मूळ पासपोर्ट आणि सीडीसीही मागतोय. भाऊ बेदाणा काढून पैसे उभे करायला निघालाय. माझा जीव धजत नाही. आमच्या भावकीत समुद्रावर कुणी गेलेलं नाही. जाणकारांनी सांगावं.

कोरेगावचा बोसन
काका, मी बोसन, म्हणजे जहाजावरच्या खलाशांचा मुकादम. आधी भावाला थांबवा. नोकरी लावून देण्याबद्दल खलाशाकडून पैसे घ्यायलाच बंदी आहे. सागरी कामगारांचा २००६ चा आंतरराष्ट्रीय करार, एमएलसी म्हणतात तो, भारतानं २०१५ साली मान्य केला. त्यात स्पष्ट आहे: मेडिकल, सीडीसी, पासपोर्ट यांचा खर्च आपला, व्हिसाचा जहाजमालकाचा. साडेतीन लाख कुठल्याच खात्यात बसत नाहीत.

टुरिस्ट व्हिसा ऐकूनच मला घाम फुटला. खलाशी म्हणून जाणारं पोर पाहुणा म्हणून का पाठवायचं? एजंटाला दोनच गोष्टी विचारा: आरपीएसएल, म्हणजे खलाशी भरतीच्या सरकारी लायसन्सचा नंबर, आणि जहाजाची ओळख पटवणारा सात आकडी आयएमओ नंबर. लायसन्स डीजी शिपिंग या केंद्र सरकारच्या जहाज खात्याच्या साइटवर स्वतः तपासा. खऱ्या कंपनीचं नाव लावून फिरणारेही असतात, म्हणून तिथल्याच नंबरावर फोन करा, एजंटाच्या कार्डावरच्या नव्हे.

मिरजेची वहिनी
आमचे हे जहाजावर असतात. निघायच्या आधी करारपत्र घरी टेबलावर ठेवून आम्ही दोघांनी वाचलं होतं: मालकाचं नाव-पत्ता, हुद्दा, पगार, रजा, परत आणायची जबाबदारी. चोवीस तासांत किमान दहा तास विश्रांती हाही त्यांचा हक्क आहे. तुमच्या पुतण्याला असा कागद दाखवलाय का?

तासगावचा काका
नाही. आयएमओ नंबर विचारला तर "पैसे भरल्यावर सांगतो" म्हणाला. आणि आत्ता कळलं, पोरगं काल संध्याकाळीच पासपोर्ट त्याच्याकडे देऊन आलंय. सीडीसी घरात आहे.

कोरेगावचा बोसन
मग उद्या सकाळीच चौघं जाऊन पासपोर्ट घेऊन या. पासपोर्ट ही भारत सरकारची मालमत्ता असते, एजंटाला तो अडकवून ठेवता येत नाही. खलाशाच्या ओळखपत्राबद्दलचा आयएलओचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेचा, १८५ नंबरचा करारही हेच सांगतो: ते कायम खलाशाजवळच राहील, कॅप्टनकडे सांभाळायला द्यायचं तरी खलाशाची लेखी संमती लागते. कॅप्टनला जिथं लेखी विचारावं लागतं, तिथं हा कोण लागून गेला?

टाळाटाळ केली तर भांडत बसू नका, तिथूनच पोलीस ठाण्यात जाऊन लेखी तक्रार द्या. त्यानं पाठवलेले मेसेज पुसू नका. आणि पोराला रागवू नका, हे वय घाईचंच असतं. पासपोर्ट हातात आला की मला मेसेज टाका, लायसन्सवाल्या कंपन्यांत अर्ज कसा करायचा ते त्याला मी स्वतः सांगेन.