मदत हवी आहे: स्मॅशमध्ये कॅरेक्टर आपोआप उड्या मारतंय

निळी_छत्री
स्मॅश (सुपर स्मॅश ब्रदर्स, निन्टेंडोचा मारामारीचा व्हिडिओ गेम) खेळताना माझं कॅरेक्टर मनानेच उड्या मारतंय. वरच्या दिशेने ठोसा मारायला जावं तर उडी. स्टेजबाहेर फेकला गेलो आणि परत यायला लागलो की हवेतली उडी आधीच खर्च झालेली, सरळ खाली. सेटिंगमध्ये जाऊन ते बंद केलं, तरी तेच. कन्सोल बंद करून चालू केला, तरी तेच. शनिवारी सगळी भावंडं जमणार आहेत, त्याआधी हे सुटायलाच हवं. जाणकारांनी कृपया लवकर सांगा.

पायवाट
कोणता स्मॅश? कोणता कन्सोल? हातात कोणता कंट्रोलर? आणि 'ते बंद केलं' म्हणजे नक्की काय बंद केलंत? एवढं कळलं तरच काही सांगता येईल.

निळी_छत्री
निन्टेंडो स्विच कन्सोलवरचा अल्टिमेट हा भाग. आणि उडी बंद केली, दुसरं काय बंद करणार?

रातकिडा
हा ड्रिफ्ट आहे, शंभर टक्के. माझ्या जुन्या कंट्रोलरचं अगदी हेच झालं होतं. स्टिक मध्यावर थांबत नाही, कन्सोलला वाटतं तुम्ही वर ढकलताय, की झाली उडी. गेममधल्या सेटिंगने हे जात नाही. होम स्क्रीनवरून सिस्टीम सेटिंग्ज, मग कंट्रोलर्स अँड सेन्सर्स, तिथे स्टिक कॅलिब्रेट करायचा पर्याय आहे. तो करा. फरक पडला नाही तर स्टिक बदलून घ्या.

पायवाट
रातकिडा, इतक्यात निदान नको. निळी_छत्री, एक साधी चाचणी करा. ट्रेनिंग मोडमध्ये जा, कॅरेक्टर उभं करा, कंट्रोलर टेबलावर ठेवा आणि मिनिटभर हात लावू नका. हात न लावता हललं, चाललं, उडालं तर स्टिकचा दोष. जागेवर उभं राहिलं तर प्रकरण वेगळं आहे.

चौथाकोन
या सगळ्यावर एकच उपाय: गेमक्यूबचा, म्हणजे निन्टेंडोच्या जुन्या कन्सोलचा कंट्रोलर. २००१ चा आहे, पण स्मॅशसाठी आजही त्याला तोड नाही. स्टिकभोवती अष्टकोनी खाच असते, त्यामुळे वर म्हणजे वरच जातं, तिरपं जात नाही. अ‍ॅडॅप्टर डॉकच्या यूएसबीला लावायचा, की चालू. मी अल्टिमेट आल्यापासून दुसरा कंट्रोलर हातात घेतलेला नाही.

खारूताई
अहो चौथाकोन, त्यांनी सेटिंगबद्दल विचारलंय आणि तुम्ही त्यांना नवीन कंट्रोलर आणि वर अ‍ॅडॅप्टर घ्यायला लावताय. गेमक्यूबच्या कंट्रोलरवरही स्टिक वर ढकलली की उडी बसतेच. खाचेने ते थांबत नाही. आणि घ्यायचाच असेल तर स्विचचा प्रो कंट्रोलर घ्यावा, बाकीच्या गेमांनाही उपयोगी पडतो.

चौथाकोन
प्रो चांगला आहे, नाही म्हणत नाही. पण गेमक्यूबवर हल्ल्याचं बटण मोठं आणि मधोमध असतं, बाकीची त्याच्याभोवती. अंगठ्याला शोधावं लागत नाही. ज्यांनी त्यावर मनापासून वेळ घातलाय त्यांनाच ते कळेल.

जुनाखेळिया
गेमक्यूबचा विषय निघालाच आहे तर सांगतो. निन्टेंडो ६४ वर १९९९ मध्ये पहिला स्मॅश आला तेव्हा त्यात फक्त १२ जण होते. मारिओ, लिंक, पिकाचू, डाँकी काँग हे एकमेकांना धोपटतायत ही कल्पनाच तेव्हा कुणाला पटत नव्हती. या खेळाचे कर्ते मासाहिरो साकुराई यांनी सुरुवातीच्या नमुन्यात ही पात्रं घातलीच नव्हती. तो साध्या, अनोळखी आकृत्यांचा चार जणांचा मारामारीचा खेळ होता, आणि त्याचं प्रोग्रॅमिंग सातोरू इवाता यांनी केलं होतं. ओळखीची पात्रं नंतर आली. पुढे २००८ च्या ब्रॉल या भागात स्नेक आणि सॉनिक आले, म्हणजे निन्टेंडोबाहेरची मंडळी पहिल्यांदा. सॉनिक आणि मारिओ एका स्टेजवर! ज्यांनी लहानपणी या दोघांवरून वाद घातलेत त्यांना विचारा तेव्हा काय वाटलं ते. अल्टिमेटमध्ये तर आधीच्या सगळ्या भागांतलं एकूणएक पात्र परत आणलं. तरी खेळ म्हणून माझं मत विचाराल तर 'मेली', म्हणजे गेमक्यूबवरचा भाग. तो वेग पुन्हा कुठल्याच भागात आला नाही.

खारूताई
मेली वेगवान आहे, मान्य. पण भावंडांपैकी निम्मी पहिल्यांदा कंट्रोलर धरणार असतील तर अल्टिमेटच बरा. मेलीत नवखा माणूस उभा राहीपर्यंत डाव संपतो.

समईवात
शनिवारी भावंडं येणार आहेत ना? मग सगळी पात्रं आधी उघडून ठेवा, नाहीतर मुलं हिरमुसतात. सुरुवातीला पहिल्या भागातली आठच असतात: मारिओ, डाँकी काँग, लिंक, सॅमस, योशी, कर्बी, फॉक्स, पिकाचू. बाकीची उघडायला तीन वाटा आहेत. साधे सामने खेळत राहिलात की अधूनमधून नवीन पात्र आव्हान द्यायला येतं, त्याला हरवलं की ते तुमचं. क्लासिक मोड एकेका पात्राने पूर्ण केला की त्याच्या मागे ठरलेलं पात्र येतं. किंवा वर्ल्ड ऑफ लाइट, म्हणजे एकट्याने खेळायचा कथेचा मोड. हरलात तरी घाबरू नका, 'गेम्स अँड मोअर'मध्ये नंतर एक दार दिसायला लागतं, तिथे पुन्हा लढता येतं. माझ्या भाच्यांसाठी मी दोन रात्री बसून उघडली होती.

निळी_छत्री
समईवात, धन्यवाद, पण माझी पात्रं उघडलेली आहेत आणि मी ते विचारलंच नव्हतं.

पायवाट, चाचणी केली. हात न लावता पुतळ्यासारखा उभा राहतो. स्टिक हातात घेऊन जरा वर नेली की उडी. म्हणजे ड्रिफ्ट नाही ना? मग सेटिंग का लागू होत नाही?

रातकिडा
ड्रिफ्ट कधीकधी एका मिनिटात दिसत नाही. तासभर खेळून स्टिक गरम झाल्यावर पुन्हा करून बघा.

पायवाट
ड्रिफ्ट नाही हो. ते म्हणतायत स्टिक वर नेली की उडी, म्हणजे स्टिक सांगितलं तेवढंच करतेय. याला टॅप जंप म्हणतात. स्टिक झटक्यात वर गेली की गेम ती उडी धरतो, आणि नवीन खेळाडूसाठी हे मुळातच चालू असतं. वर + हल्ला करताना अंगठा जरा जोरात गेला की हल्ल्याआधी उडी बसते. परत येताना वर + बी (स्टिक वर ढकलून बी बटण) मारायचं असतं, तिथे बी दाबायला किंचित उशीर झाला की आधी हवेतली उडी उडून जाते.

आता सांगा: कोणतं कॅरेक्टर घेता, आणि टॅप जंप कुठे जाऊन बंद केलंत? पायरीपायरीने लिहा.

निळी_छत्री
लिटल मॅक. ऑप्शन्समध्ये कंट्रोल्स उघडलं, तिथे नाव मागितलं, मी काहीतरी तीन अक्षरं टाकली, टॅप जंप ऑफ केलं, सेव्ह केलं. बस. आणखी काय सांगू?

खारूताई
लिटल मॅक! मग तुमचा जीव कासावीस होणारच. कर्बी किंवा जिगलीपफ असती तर त्यांना हवेत पाच उड्या, एखादी वाया गेली तरी कळत नाही. मॅकला एकच, आणि वर + बी जेमतेम उंची देतं. त्याची एक उडी चुकून गेली की तो आयुष्य गमावतो.

चौथाकोन
माझं वेगळं मत आहे. टॅप जंप बंद करूच नये. उडी डाव्या अंगठ्यावर राहिली की उजवा अंगठा हल्ल्यावरून हलवावा लागत नाही. सुरुवातीला त्रास होतो, पण हात बसला की फायदाच. मी कधी बंद केलं नाही.

खारूताई
तुमचा हात बसलाय म्हणून. त्यांच्याकडे शनिवारपर्यंतचा वेळ आहे. वरचा साधा वार स्टिक हलकेच ढकलून काढावा लागतो, आणि टॅप जंप चालू असताना तो हमखास काढणं नवख्याला जमत नाही. बंद केलेलंच बरं.

पायवाट
निळी_छत्री, ती तीन अक्षरं सामन्याआधी निवडता का? कॅरेक्टर निवडायच्या स्क्रीनवर प्रत्येक खेळाडूच्या चौकटीत नावाची जागा असते. तिथे नाव न निवडता तसंच पुढे गेलात तर गेम मूळचीच सेटिंग वापरतो. या गेममध्ये कंट्रोलची सेटिंग कन्सोलला नाही, नावाला चिकटते.

निळी_छत्री
नाही निवडत. तिथे 'प्लेयर २' असंच असतं. हे कुठेही लिहिलेलं नाही! आत्ता करून बघतो.

निळी_छत्री
नाव निवडलं. तरी उड्या मारतोय. नाव बरोबर तेच आहे, दोनदा बघितलं. आता खरंच वैताग आलाय.

रातकिडा
म्हणून मी म्हणत होतो, स्टिक उघडून बघा.

पायवाट
थांबा, उघडू नका काही. मी पहिल्याच प्रतिसादात विचारलं होतं, उत्तर अजून आलं नाही: खेळताना हातात कोणता कंट्रोलर असतो?

निळी_छत्री
प्रो आहे घरात.

पायवाट
घरात आहे ते ठीक. खेळताना तुमच्या हातात तोच असतो का? 'प्लेयर २' म्हणालात, म्हणजे पहिलं कुणीतरी आहे.

निळी_छत्री
ताई. प्रो ती घेते. मी एक जॉयकॉन (स्विचच्या बाजूला लागणारा छोटा कंट्रोलर) आडवा धरून खेळतो. पण सेटिंग मी प्रो हातात घेऊनच केली होती, व्यवस्थित.

पायवाट
सापडलं. कंट्रोल्समध्ये ते नाव पुन्हा उघडा. तिथे कंट्रोलरच्या प्रकारांची वेगवेगळी पानं दिसतील: गेमक्यूब, प्रो किंवा दोन जॉयकॉन एकत्र, आणि एकटा आडवा जॉयकॉन. एकाच नावाखाली प्रत्येक प्रकाराची सेटिंग स्वतंत्र असते. तुम्ही प्रोच्या पानावर टॅप जंप बंद केलंत, आडव्या जॉयकॉनच्या पानावर ते अजून चालूच आहे. त्या पानावर जाऊन बंद करा, सेव्ह करा, मग सामन्यात नाव निवडा.

निळी_छत्री
झालं!!! वर ठोसा मारला आणि पाय जमिनीवर! पायवाट, मनापासून आभार. दोन आठवडे मी माझ्याच अंगठ्याला दोष देत होतो.

पण आता एक नवीनच. स्टेजबाहेर गेलो की पडतोच. आधी निदान उडी तरी बसायची.

पायवाट
कारण परत येताना तुम्ही नकळत स्टिकनेच उडी मारत होतात. आता ती बटणाने मारायची. मॅकचा क्रम असा ठेवा: बाहेर फेकलं गेल्यावर लगेच काही करू नका, स्टेजच्या दिशेने स्टिक धरा. मग बटणाने हवेतली उडी, मग बाजूला + बी, त्याने आडवं अंतर कापलं जातं, आणि कडेच्या अगदी खाली आलात की वर + बी. उडी फेकलं गेल्याबरोबर घाईने वापरलीत तर पुढे काही उरत नाही. ट्रेनिंग मोडमध्ये हे वीसेक वेळा करा, हाताला सवय होईल.

खारूताई
यात माझी भर. आडव्या जॉयकॉनवर दुसरी स्टिक नसते, त्यामुळे प्रोवाल्याला दुसऱ्या स्टिकने थेट काढता येणारा जोरदार 'स्मॅश' वार तुम्हाला तसा मिळत नाही. त्याची भरपाई म्हणून हे शिका: उडी आणि हल्ला ही दोन्ही बटणं एकाच वेळी दाबली की बुटकी उडी आणि हवेतला वार एकदम निघतो. मॅक हवेत दुबळा आहे हे खरं, त्याच्यावर याचा फार उपयोग नाही, पण दुसरं कॅरेक्टर घेतलंत तर करून बघा. आणि स्टिक फार चपळ वाटत असेल तर त्याच पानावर तिची संवेदनशीलता कमी करता येते.

चौथाकोन
एकट्या जॉयकॉनवर मॅक घेऊन ताईसमोर उभं राहणं सोपं नाही, हे मी मनापासून लिहितोय. पुढेमागे गेमक्यूबचा नक्की विचार करा.

जुनाखेळिया
नावाला सेटिंग चिकटवायची पद्धत ब्रॉलमध्येही होती. आम्ही तेव्हा प्रत्येकाचं नाव करून ठेवायचो, आणि कुणी चुकून दुसऱ्याच्या नावावर खेळला की अर्ध्या सामन्यात ओरडायचा की बटणं उलटी झाली.

निळी_छत्री
मग शनिवारी येणाऱ्या सगळ्यांची नावं आधीच करून ठेवावी लागतील ना? आठ जण आहोत, आणि बहुतेकांच्या हातात आडवा जॉयकॉनच येणार.

पायवाट
ज्यांना उडीचा त्रास होईल तेवढ्यांचीच करा. बाकीच्यांना काहीच माहीत नसेल तर मूळ सेटिंगवर खेळू द्या. आणि प्रत्येक नावाखाली आडव्या जॉयकॉनचं पान उघडून बदल करा, प्रोचं नाही. ताईला विचारल्याशिवाय तिच्या नावाला हात लावू नका, तिला टॅप जंप लागत असेल.

निळी_छत्री
विचारलं. लागतं म्हणाली. ती कर्बी घेते.