आर्चरला बेंचवर बसवणाऱ्यांना उत्तर

बाणभाता: फायर एम्ब्लेम म्हणजे घरांच्या पटावर आळीपाळीने लढायची व्हिडिओ गेम मालिका. तिच्याबद्दल कालच्या धाग्यावर एकाने ठणकावलं, "फायर एम्ब्लेममध्ये आर्चर घेणं म्हणजे जागा वाया घालवणं. शेजारी आलेल्याला मारता येत नाही, शत्रूच्या टर्नला नुसता मार खातो." वाचून डोकं तापलं, म्हणून सविस्तर लिहितोय.

अरुंद दार घ्या. दारात नाइट (जड चिलखतवाला), त्याच्या बरोबर मागच्या घरात आर्चर. समोरचा कुऱ्हाडवाला नाइटपासून एका घरावर, आर्चरपासून दोन. आर्चरने बाण मारला तर कुऱ्हाडवाल्याला उलट वार करताच येत नाही, साधी कुऱ्हाड शेजारच्या घरापर्यंतच पोहोचते. तोच हल्ला नाइटने केला असता तर उलटा फटका खाल्ला असता. हा वाचलेला एचपी (जीव) कुणी हिशोबात धरतच नाही!

घोडदळ_प्रमुख: खुल्या मैदानाच्या नकाशात दार कुठून आणणार? अर्धी लढाई शत्रूच्या टर्नला होते. घोडेस्वाराला जॅव्हलिन (फेकायचा भाला) देऊन पुढे सोडा, शेजारचा असो की दोन घरांवरचा, सगळ्यांना उत्तर देतो. तुमचा आर्चर एक बाण सोडून लपायला जागा शोधणार.

रात्रपाळी: जॅव्हलिनचा नेम कच्चा आणि ताकद कमी, हेही लिहा की. आणि वायव्हर्न (उडत्या ड्रॅगनवरचे स्वार) आले की? उडणाऱ्यांवर धनुष्य जादा मार करतं हे माहीत असूनही गप्प बसायचं, हा कुठला न्याय?

घोडदळ_प्रमुख: वायव्हर्न डोंगर-नदी ओलांडून थेट आर्चरच्या शेजारी उतरतो. मग करा बचाव.

बाणभाता: म्हणून तर त्याची पोहोच आधी मोजायची आणि आर्चरला एक घर बाहेर ठेवायचं. नाइट पोहोचेच्या आत. वायव्हर्न नाइटवर येतो, पुढच्या टर्नला बाण खातो.

जुनी_कॅसेट: सगळे एकाच मालिकेत अडकलेत. फायनल फँटसी टॅक्टिक्सचा (१९९७) आर्चर बघा, चार्ज (आधी जोर साठवून मग बाण सोडायची चाल) लावून बसतो आणि बाण सुटेपर्यंत समोरचा निघून गेलेला असतो. चार्ज+२०, म्हणजे सगळ्यात मोठा चार्ज, वेळेत सुटलेला मी तरी पाहिलेला नाही.

रात्रपाळी: चार्ज वापरायला सांगितलं कुणी? उंचीवर चढा, धनुष्याची रेंज वाढते. कॉन्सन्ट्रेट हे कौशल्य शिकून घ्या, समोरच्याची चुकवाचुकवी संपते.

जुनी_कॅसेट: कॉन्सन्ट्रेट शिकून दुसऱ्याच जॉबला (पेशाला) लावायचं, मग आर्चरचं कौतुक कसलं?

रात्रपाळी: त्याच गेममधली डॉर्टर शहराची लढाई खेळलायत का? छपरावरच्या आर्चरने माझा जादूगार वर चढायच्या आधीच आडवा केला. जिना चढेपर्यंत अर्धी टोळी गारद. तिथे कुणी चार्ज+२० लावला नव्हता, नुसती उंची होती.

जुनी_कॅसेट: डॉर्टरला मीही रडलोय. पण ती नकाशाची करामत, आर्चरची नाही!

रात्रपाळी: मग तुमच्या घोडेस्वाराचं मोकळं मैदान ही कुणाची करामत? आपल्याला सोयीचा नकाशा खरा आणि दुसऱ्याचा खोटा, असं चालणार नाही.

घोडदळ_प्रमुख: आवाज कमी करा. मैदानाचं मी बोललो होतो, त्यांनी नाही.

बाणभाता: विषय फायर एम्ब्लेमचा आहे. गेमबॉय ॲडव्हान्सवरच्या भागांत आर्चर बॅलिस्टावर (नकाशावरचं मोठं बाणयंत्र) बसला की तीन ते दहा घरांपर्यंत मारा करतो. ते तुमच्या घोड्याला जमतं का?

घोडदळ_प्रमुख: बॅलिस्टा असलेल्या नकाशात घेईन एक आर्चर. एकच. आणि एक्सपी (अनुभवाचे गुण) मात्र आधी घोडेस्वारालाच.